शहरातलं परवडणारं घर आणि अल्पसंख्याक कुटुंबं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, घरांच्या सोडतीची जाहिरात निघाली की मुंब्रा, मालवणी, गोवंडी, वसई, कोंढवा, नाशिक इथून साधारण हेच प्रश्न येतात. सोडत नसते तेव्हा येतात ते सोसायट्यांबद्दलचे. दोन्ही इथे एकत्र घेतले आहेत, सोप्यापासून अडचणीच्या प्रश्नांपर्यंत. उत्तरं महाराष्ट्रातल्या नियमांना धरून आहेत. प्रश्न १३ तेवढा गुजरातचा. अर्ज भरताना त्या त्या सोडतीची माहिती पुस्तिका आधी वाचा, कारण अटी सोडतीगणिक थोड्याफार बदलतात.

१. अल्पसंख्याक म्हणजे नक्की कोण? आम्ही जैन आहोत, आम्ही त्यात येतो का?

येता. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या १९९२ च्या कायद्याखाली केंद्राने सहा समाज अधिसूचित केले आहेत: मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यू समाजालाही हा दर्जा दिला. भाषिक अल्पसंख्याक ही वेगळी बाब आहे. घरांच्या योजनांत तिचा उपयोग होत नाही.

२. म्हाडाच्या सोडतीत अल्पसंख्याकांसाठी राखीव घरं किती असतात?

एकही नाही. म्हाडाच्या सोडतीत धर्मावर आधारलेला प्रवर्गच नाही. सामाजिक आरक्षण असं आहे: अनुसूचित जाती ११ टक्के, अनुसूचित जमाती ६ टक्के, भटक्या जमाती दीड टक्का, विमुक्त जाती दीड टक्का. त्याशिवाय पत्रकार, स्वातंत्र्यसैनिक, माजी सैनिक, दिव्यांग, कलाकार, शासकीय कर्मचारी, इतकंच काय आमदार-खासदारांसाठीही वाटा आहे. (शेवटच्या वाट्याबद्दल लोक आम्हाला रागाने लिहितात. राग रास्तच आहे.) ओबीसींसाठी मात्र वाटा नाही. त्यामुळे मोमीन, बागवान, पिंजारी, अत्तार या समाजांकडे ओबीसीचा दाखला असला तरी म्हाडात तो चालत नाही. तुम्ही सर्वसाधारण प्रवर्गातून अर्ज करायचा.

हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. पण याची दुसरी बाजू आहे. सोडत संगणक काढतो आणि त्याला तुमच्या आडनावाशी देणंघेणं नसतं. खाजगी बाजारात दलालाने 'मालक तुमच्या लोकांना देत नाही' म्हणून परत पाठवलेल्या कुटुंबाला शहराच्या चांगल्या भागात मालकीचं घर मिळवण्याचा हाच एक सरळ रस्ता उरतो. आडनावाचा प्रश्न येतो तो सोडतीनंतर, आणि या पानावरचे बरेच प्रश्न त्यामुळेच सोडतीनंतरचे आहेत.

३. आम्ही बौद्ध आहोत, अनुसूचित जातीतून अर्ज करता येईल? आणि धर्मांतरित ख्रिस्ती किंवा मुस्लिमांना?

बौद्धांना येईल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. म्हणजे बौद्ध कुटुंब एकाच वेळी धार्मिक अल्पसंख्याकही असतं आणि मूळ जातीच्या दाखल्यावर अनुसूचित जातीतही बसतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध ५.८ टक्के होते, तेव्हा ही बारीकसारीक गोष्ट नाही.

ख्रिस्ती किंवा मुस्लिम झालेल्या दलित कुटुंबांना हा दर्जा नाही. घरातल्या एका भावाने दीक्षा घेतली आणि दुसऱ्याने बाप्तिस्मा, तर पहिल्याला ११ टक्क्यांतून अर्ज करता येतो, दुसऱ्याला नाही. राहणीमान दोघांचं तेच, वस्तीही तीच. हा भेद आम्हाला पटत नाही, पण आज नियम तोच आहे.

आता अपवाद, जे फार थोड्यांना ठाऊक असतात. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. जळगावकडचे तडवी भिल्ल मुस्लिम असूनही जमातीच्या ६ टक्क्यांतून अर्ज करू शकतात. विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद आहेत, आणि त्यात मुस्लिम छप्परबंदही येतात. भटक्या जमातींच्या यादीतही मुस्लिम समाज आहेत. 'आपण मुसलमान, आपल्याला कुठलं आरक्षण' असं समजून सर्वसाधारण प्रवर्गात अर्ज भरण्याआधी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला एकदा काढून बघा.

४. उत्पन्नाची मर्यादा किती? एकत्र कुटुंबातल्या भावाचं उत्पन्न धरतात का?

मुंबई महानगर, पुणे आणि नागपूरच्या महानगर क्षेत्रांत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च. उरलेल्या महाराष्ट्रात पहिल्या दोन मर्यादा साडेचार आणि साडेसात लाख अशा आहेत. कुटुंब म्हणजे अर्जदार आणि त्याची पत्नी किंवा तिचा पती. भाऊ, आईवडील एकाच छताखाली राहत असले तरी त्यांचं उत्पन्न धरत नाहीत.

५. प्रधानमंत्री आवास योजनेत अल्पसंख्याकांना प्राधान्य आहे असं ऐकलं. खरं का?

कागदावर खरं आहे. २०१५ च्या शहरी योजनेत आणि २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यातही विधवा, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती यांच्याबरोबर अल्पसंख्याकांचा प्राधान्याच्या यादीत उल्लेख आहे. पण प्राधान्य हा राखीव कोटा नव्हे. अमुक टक्के घरं अल्पसंख्याकांनाच, असा दावा त्यावर करता येत नाही.

अटी म्हाडापेक्षा वेगळ्या आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. या योजनेत ३ लाखांपर्यंत दुर्बल घटक, ६ लाखांपर्यंत अल्प आणि ९ लाखांपर्यंत मध्यम उत्पन्न गट. दुसरी अट जास्त अडचणीची: देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसावं. म्हाडाच्या सोडतीत त्या शहराच्या हद्दीत घर नसलं की पुरतं. रत्नागिरीला वडिलोपार्जित पक्क्या घरात तुमचं नाव लागलेलं असेल, तर मुंबईत म्हाडा चालेल, आवास योजना चालणार नाही. कोकणी मुस्लिम कुटुंबांत हे वारंवार घडतं: गावच्या घराची वाटणी झालेली नसते आणि सगळ्या भावांची नावं उताऱ्यावर असतात.

६. आधारवर शेख, पॅनवर शैख, शाळेच्या दाखल्यावर शेक. अर्ज बाद होईल?

होऊ शकतो, आणि ही तक्रार आमच्याकडे सर्वांत जास्त येते. आता कागदपत्रांची छाननी सोडतीच्या आधी, ऑनलाइन होते. आधार आणि पॅनवरचं नाव जुळलं नाही की गाडी तिथेच थांबते. मराठी हिंदू नावांचं लेखन सरकारदरबारी बरंचसं ठरलेलं आहे. अरबी-फारसी नावांचं नाही: मोहम्मद, मुहम्मद, नुसतं 'मो.', खातून कधी नावात तर कधी आडनावाच्या जागी, बायकांच्या दाखल्यावर 'बी' आणि आधारवर काहीच नाही. वसईकडच्या डिसोझा-डिमेलोंचं दुखणं इंग्रजीतल्या अपॉस्ट्रॉफीच्या चिन्हाचं (D'Souza). एका कागदावर ते असतं, दुसऱ्यावर नसतं.

सोडतीची वाट न बघता आत्ताच करायच्या गोष्टी: एक कागद प्रमाण धरा, शक्यतो आधार. बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. फरक मोठा असेल, म्हणजे नुसतं लेखन नव्हे तर नावच वेगळं दिसत असेल, तर राज्य राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करा. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. नुसतं प्रतिज्ञापत्र प्रत्येक ठिकाणी चालतंच असं नाही. अधिवास प्रमाणपत्र जुनं हस्तलिखित असेल तर नवीन, बारकोडवालं काढा.

७. खाजगी बिल्डरच्या टॉवरमध्ये म्हाडामार्फत घर लागलं. बिल्डर म्हणतो, इथे फक्त शाकाहारी कुटुंबं. काय करायचं?

बिल्डरला तो अधिकार नाही. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प गटांसाठी ठेवावी लागतात. ठाणे, वसई, नाशिक, पुणे इथल्या सोडतींत ही घरं दिसतात. त्यांचे विजेते म्हाडा ठरवते आणि बिल्डरला फक्त यादी मिळते. तो टाळाटाळ करत असेल तर त्याच्याशी फोनवर वाद घालत बसू नका. नकार ईमेलवर घ्या आणि म्हाडाच्या संबंधित मंडळाच्या मुख्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. 'नंतर या', 'साहेब नाहीत' हाही नकारच. तारखा लिहून ठेवा.

८. बँक म्हणते तुमचा भाग नकारात्मक यादीत आहे. धर्मामुळे कर्ज नाकारता येतं का?

धर्मामुळे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत अधिसूचित अल्पसंख्याकांना दिलेलं कर्ज दुर्बल घटकांच्या कर्जात मोजलं जातं, म्हणजे असं कर्ज देण्यात बँकेचा फायदाच असतो. पण वस्तीवरून नकार मिळतो आणि शहरात वस्ती व धर्म पुष्कळदा एकच असतात. तुमचा आताचा पत्ता मुंब्र्याचा किंवा गोवंडीचा आहे, घेताय ते घर मात्र म्हाडाचं आहे, हे अधिकाऱ्याला स्पष्ट सांगा. तारण नव्या घराचं असतं आणि म्हाडाच्या घराची मालकी निर्विवाद असते. नकाराचं कारण लेखी मागा. तेवढ्यानेच बऱ्याचदा सूर बदलतो.

मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळातून घरासाठी कर्ज मिळतं का, असंही विचारतात. त्या महामंडळाच्या योजना शिक्षण आणि व्यवसायासाठी आहेत.

९. व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही. मग घर कसं घेणार?

भारतात इस्लामी बँकिंग नाही. रिझर्व्ह बँकेने तो विषय २०१७ मध्ये बाजूला ठेवला. त्यामुळे शहरात तीन वाटा उरतात: पूर्ण रक्कम साठवणं, नातेवाइकांकडून बिनव्याजी घेणं, किंवा आपल्या धर्मगुरूंचा सल्ला घेऊन कर्ज काढणं. तिसरी वाट योग्य की अयोग्य हे सांगणं आमचं काम नाही.

व्यवहाराची बाजू सांगू शकतो. म्हाडाच्या घराची किंमत देकार पत्रानंतर (म्हाडा घर देऊ करते ते पत्र) दोन टप्प्यांत भरायची असते, आधी २५ टक्के, मग ७५ टक्के, आणि मुदत कमी असते. नातेवाइकांकडून उभे करणार असाल तर अर्ज करण्याआधीच कोण किती देणार ते ठरवून ठेवा. मोठ्या रकमा रोखीने घेऊ नका, बँकेतून घ्या आणि साध्या कागदावर का होईना हातउसने लिहून ठेवा. मुदत हुकली तर लागलेलं घर जातं.

१०. जुनी सदनिका विकत घेतली, दस्त नोंदवला. आता सोसायटी सभासद करून घेत नाही. 'कमिटीला मान्य नाही' एवढंच सांगतात.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम २३ खुल्या सभासदत्वाचं आहे: पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. 'आमच्याकडे तुमच्यासारखे कुणी नाहीत' हे पुरेसं कारण नव्हे. क्रम असा ठेवा.

सभासदत्वाचा अर्ज विहित नमुन्यात द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. अर्ज घ्यायलाच नकार दिला तर तो सहकार खात्याच्या उपनिबंधकांमार्फत सादर करता येतो. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत सोसायटीने निर्णय कळवला नाही, तर कायद्याने तुम्ही सभासद झालात असं मानलं जातं. नकार कळवला, तर त्यात कारण लिहावं लागतं आणि त्यावर साठ दिवसांत उपनिबंधकांकडे अपील करता येतं. म्हणून सोसायट्या पुष्कळदा लेखी नकार देतच नाहीत, नुसतं झुलवतात. तीन महिन्यांची तरतूद त्यासाठीच आहे. पोच नसेल तर ती तुमच्या कामाची नाही.

व्यवहाराआधी सोसायटीचं ना हरकत लागतं, असं दलाल सांगतात. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, हस्तांतरणासाठी ते सक्तीचं नाही. बँक मागते तेव्हा मात्र ते आणावं लागतं, आणि अडवणूक तिथेच होते. हस्तांतरण शुल्क महापालिका हद्दीत कमाल २५ हजार रुपये. 'विकास निधी' म्हणून लाख-दोन लाख मागितले तर पावती मागा. पावती द्यायची म्हटल्यावर आकडा उतरतो.

११. एकाच समाजाची सोसायटी कायदेशीर असते का? मग आम्हाला नाकारलं तर त्यांचं काय चुकलं?

हा या पानावरचा सर्वांत अवघड प्रश्न. मुंबईत सहकारी गृहनिर्माणाची सुरुवातच समाजाच्या सोसायट्यांनी झाली. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची. पारशी, कॅथलिक, जैन यांच्याही वसाहती उभ्या राहिल्या. शहरात आलेल्या माणसाला जातभाईंचा आधार होता, आणि अल्पसंख्याकांना घर मिळालं त्यातही या संस्थांचा वाटा मोठा आहे.

१५ एप्रिल २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला. १९२६ साली नोंदलेल्या या सोसायटीच्या उपविधीत सभासदत्व पारशांपुरतं होतं. एका सभासदाला बाहेरच्यांना विकायचं होतं. न्यायालयाने उपविधी वैध ठरवला: धर्मावरून भेद न करण्याचं संविधानातलं बंधन राज्यसंस्थेवर आहे, खाजगी सहकारी संस्थेवर तसं नाही, आणि लोकांना संस्था स्थापन करण्याचं स्वातंत्र्य आहे.

या निकालाचा आधार घेऊन आता कुणीही उठून 'आमची सोसायटी अमक्यांचीच' म्हणतं. तसं होत नाही. मर्यादा नोंदणीकृत उपविधीत लिहिलेली असावी लागते. मुंबई-पुण्यातल्या बहुसंख्य सोसायट्यांनी आदर्श उपविधी स्वीकारले आहेत आणि त्यांत धर्माची अट नाही. सर्वसाधारण सभेत हात वर करून केलेला ठराव म्हणजे उपविधी नव्हे. उपविधी बदलायचा तर निबंधकांकडे नोंदवावा लागतो. सोसायटीकडे नोंदणीकृत उपविधींची प्रत मागा. अट त्यात नसेल, तर प्रश्न १० चा रस्ता तुमचा.

सरकारी जमीन मिळालेल्या सोसायट्यांचा प्रकार निराळा. तिथे शासनाच्या अटीप्रमाणे २० टक्के सभासद मागासवर्गीय असावे लागतात. आमच्या मते २००५ चा निकाल पारशांसारख्या मूठभर समाजाला शोभतो. शहरातल्या बहुसंख्याकांनी तोच वापरला की अख्खे विभाग बंद होतात.

१२. सोसायटी दूरच, मालकच म्हणाला 'तुम्हाला विकणार नाही'. तक्रार कुठे करायची?

तुम्ही कोण आहात यावर उत्तर ठरतं, आणि हीच खंत आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला अस्पृश्यतेच्या भावनेतून नाकारलं असेल, तर नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ चं कलम ४ कोणत्याही वस्तीत घर बांधण्याचा, घेण्याचा किंवा त्यात राहण्याचा हक्क अडवणं हा गुन्हा ठरवतं. हे खाजगी मालकालाही लागू आहे. बौद्ध कुटुंबांनी (प्रश्न ३) पोलिसांकडे जाताना या कलमाचं नाव घ्यावं; ठाण्यात ते फारसं कुणाला आठवत नाही.

मुस्लिम किंवा ख्रिस्ती असल्यावरून खाजगी मालकाने नकार दिला, तर थेट शिक्षा करणारा असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. राज्य किंवा राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाकडे तक्रार करता येते. आयोग खुलासा मागवू शकतो, घर मिळवून देऊ शकत नाही. म्हाडा, सिडको, महापालिका यांनी भेद केला तर मात्र गोष्ट बदलते. त्या राज्यसंस्था आहेत, संविधानाचं कलम १५ त्यांना बांधतं आणि उच्च न्यायालयात जाता येतं.

१३. आमचे नातेवाईक बडोद्याला असतात. तिथे सरकारी घर लागूनही रहिवासी राहू देत नाहीत, असं होऊ शकतं?

झालं आहे. बडोद्याच्या हरणी भागात महापालिकेच्या संकुलात एका मुस्लिम महिलेला २०१७ मध्ये मुख्यमंत्री आवास योजनेतून घर मिळालं. ४६२ घरांत ते एकच मुस्लिम कुटुंब. काही रहिवाशांनी वाटप रद्द करण्याची मागणी केली आणि २०२४ मध्ये त्याची देशभर बातमी झाली. विरोधकांनी आधार घेतला तो गुजरातच्या १९९१ च्या अशांत धारा कायद्याचा. या कायद्याखाली घोषित भागांत मालमत्ता विकण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

महाराष्ट्रात असा कायदा नाही. बडोदे, अहमदाबाद, सुरतेत घर घेणाऱ्या मराठी माणसानेही, तो कुठल्याही धर्माचा असो, तो भाग घोषित आहे का हे आधी तपासावं. परवानगीशिवाय केलेला व्यवहार अडकतो.

१४. झोपडपट्टी पुनर्वसनात आमच्या समाजाला वेगळे नियम आहेत?

नाहीत. पात्रता झोपडीच्या तारखेवर ठरते: १ जानेवारी २००० पूर्वीची असेल तर घर मोफत, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर अडीच लाख भरून. घर ३०० चौरस फुटांचं. नावातल्या फरकाचा त्रास इथेही आहेच (प्रश्न ६). जुन्या मतदार यादीत पत्नीचं नाव चुकलेलं असेल तर परिशिष्ट दोन (पात्र झोपडीधारकांची यादी) तयार होतानाच हरकत घ्या.

१५. वक्फच्या किंवा पारशी ट्रस्टच्या जागेत पिढ्यानपिढ्या राहतो. हे आमच्या मालकीचं घर धरतात का?

नाही. तिथे तुमचा हक्क राहण्याचा असतो, मालकीचा नसतो. तोटा असा की घर विकता येत नाही आणि तारण ठेवता येत नाही. फायदा असा की म्हाडाच्या अर्जात 'मालकीचं घर नाही' हे तुम्ही खरं सांगू शकता.

१६. आम्ही मराठी. मुंबईतच आम्हाला 'मांसाहारी नको' म्हणून नाकारलं. या पानावरची उत्तरं आम्हाला लागू आहेत?

प्रश्न १० आणि ११ पूर्णपणे लागू आहेत. नव्या इमारतींत मराठी माणसांसाठी पन्नास टक्के घरं राखीव ठेवा, अशी मागणी पार्ल्याच्या एका संघटनेने केली आणि ती विधिमंडळापर्यंत गेली, पण आज तसा कायदा नाही. एक निरीक्षण नोंदवतो: हा प्रश्न विचारणारे काही जण त्याच पत्रात 'आमच्या सोसायटीत मुस्लिमाला विकण्यापासून सभासदाला कसं थांबवायचं' असंही विचारतात. त्याचं उत्तर प्रश्न १० आणि ११ मध्येच आहे: नोंदणीकृत उपविधीत तशी अट नसेल तर थांबवता येत नाही.

१७. आमचं लग्न आंतरधर्मीय आहे. सोडतीत लागलेलं घर माझ्यानंतर जोडीदाराला मिळेल ना?

लग्न कसं झालं यावर ते अवलंबून आहे. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी झाली असेल आणि दोघांचे धर्म वेगळे असतील, तर वारसा भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे ठरतो आणि जोडीदाराला वाटा मिळतो. निकाह झाला असेल आणि जोडीदाराने धर्म बदललेला नसेल, तर मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात बिगरमुस्लिम जोडीदार वारस होत नाही. मृत्युपत्र करूनही, इतर वारसांची संमती नसेल तर, एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही.

सोसायटीत नामनिर्देशन केलं म्हणजे झालं, असं समजू नका. सोसायटी घर नॉमिनीच्या नावावर करते ते व्यवस्थेपुरतं, मालकी वारसांची. घर सुरुवातीलाच पती-पत्नी दोघांच्या नावावर घ्या. लग्न फक्त धार्मिक पद्धतीने झालं असेल तर त्याची विशेष विवाह कायद्याखाली नंतरही नोंदणी करता येते. हे देकार पत्र हातात पडण्याआधी उरकून घेतलं तर नावं घालताना नव्याने कागद जमवावे लागत नाहीत.